मालवणचें पाण्याखालचें रान

‘अभयारण्य’ हा शब्द कानीं पडतांच मनापुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. दाट झाडी, पाणवठ्यावर उतरलेलीं हरणें, गवतांत दबा धरून बसलेला वाघ आणि रानाच्या तोंडाशीं वनखात्याची चौकी. परंतु महाराष्ट्रांत एक असें अभयारण्य आहे कीं, ज्यांत शिरावयाचें तर होडीनें जावें लागतें. तेथें झाडांच्या जागीं खडकांना बिलगलेलीं पोवळीं आहेत, पांखरांच्या जागीं माशांचे थवे आहेत, आणि त्याच्या सीमेवर कुंपण घालणें कोणालाहि शक्य झालेलें नाहीं. तें म्हणजे मालवणचें सागरी अभयारण्य होय. महाराष्ट्र सरकारनें तें १३ एप्रिल १९८७ रोजीं जाहीर केलें. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर असून त्याच्या अगदीं गाभ्यांत, चोहों बाजूंनीं लाटांनीं वेढलेला, छत्रपति शिवाजीमहाराजांचा सिंधुदुर्ग उभा आहे. निसर्गाचा ठेवा आणि इतिहासाचा ठेवा एकाच पाण्यांत, एकाच खडकावर नांदावा, असा योग फार थोड्या ठिकाणीं जुळून येतो. हे दोन्ही ठेवे पाहावे, आणि ते कोणाच्या भरंवशावर टिकावयाचे आहेत याचाहि थोडा विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम जागेची ओळख करून घेऊं. मालवण हें गांव कोंकणपट्टीच्या दक्षिण टोकाकडे, मुंबईपासून सुमारें पांचशें किलोमीटरांवर आहे. पूर्वीं तें रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९८१ रोजीं त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढण्यांत आला आणि नव्या जिल्ह्याला या जलदुर्गाचेंच नांव मिळालें. गांवाच्या उत्तरेस कोळंबची खाडी आहे, दक्षिणेस कांहीं अंतरावर कर्ली नदी समुद्राला मिळते, आणि या दोहोंच्या मध्यें दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग अशी माडांच्या राईंची व पांढुरक्या वाळूची रांग पसरलेली आहे. देवबागेजवळ तर जमीन इतकी चिंचोळी होते कीं, एका अंगास समुद्राची गाज ऐकूं येते आणि दुसऱ्या अंगास नदीचें संथ पाणी दिसतें. मागें जांभ्या दगडाचे तांबूस सडे आणि त्यांच्या उतारावर काजूच्या व आंब्याच्या बागा.

गांवासमोरच्या समुद्राचें रूप मात्र शेजारच्या तारकर्लीहून निराळें आहे. तेथें वाळूच वाळू, तर येथें खडकच खडक. कांहीं ओहोटीला डोकीं वर काढतात आणि भरतीला बुडून जातात. कांहीं कधींच दिसत नाहींत, पण त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटेच्या फेसावरून जाणता नाखवा त्यांची जागा ओळखतो. या खडकांपैकीं जे मोठे आहेत त्यांचीं बेटें झालीं आहेत. कुरटें नांवाच्या बेटावर सिंधुदुर्ग बांधलेला आहे. त्याच्या शेजारीं धाकट्या भावासारखा पद्मगड आहे. उत्तरेकडे किनाऱ्यालगत राजकोट व त्याच्याहि पलीकडे सर्जेकोट, असे हे चार कोट मिळून जणूं एका कुटुंबांतले आहेत.

आतां हा दुर्ग येथें कां उभा राहिला, तें पाहूं. इ. स. १६६४ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर परक्यांची गर्दी झाली होती. दक्षिणेस गोव्यांत पोर्तुगीज, वेंगुर्ल्यास डचांची वखार, उत्तरेस जंजिऱ्याचा सिद्दी, आणि व्यापाराच्या निमित्तानें सर्वत्र फिरणारे इंग्रज. ज्याच्या हातीं समुद्र त्याच्या हातीं किनारा, हें महाराजांनीं ओळखलें होतें. आरमाराला आसरा देणारी, शत्रूच्या तोफांना न भिणारी अशी जागा त्यांना हवी होती. कुरटें बेट दृष्टीस पडलें आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कामाचा मुहूर्त झाला. ज्या खडकाजवळ हा मुहूर्ताचा विधि झाला तो मोरयाचा धोंडा आजहि किनाऱ्यावर दाखविला जातो. पुढें सुमारें तीन वर्षें काम चाललें. पायाच्या दगडांत शिसें ओतून ते जागच्या जागीं बसविले, असें परंपरा सांगते. अठ्ठेचाळीस एकरांच्या आसपास जागेला नागमोडी तटाचा वेढा पडला. त्याची लांबी तीन किलोमीटरांच्या घरांत आहे. मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपविला आहे कीं, होडी अगदीं जवळ येईपर्यंत तो दिसत नाहीं. आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी असून भोंवतालीं खारें पाणी असतांना त्यांचें पाणी गोडें आहे. राजाराममहाराजांनीं बांधलेलें शिवराजेश्वराचें मंदिर येथेंच आहे, आणि तटांत चुन्यावर उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे म्हणून जपलेले ठसेहि येथेंच आहेत. १७६५ सालीं इंग्रजांनीं हा किल्ला घेतला व त्याला फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. तें नांव टिकलें नाहीं. पुढें किल्ला कोल्हापूरकरांकडे परत आला आणि १८१२ च्या तहानें मालवण पुन्हा इंग्रजांच्या हातीं गेलें. राजवटी आल्या आणि गेल्या, पण तटाच्या आंत आजहि कांहीं घरें नांदतीं आहेत आणि देवाची पूजा चालू आहे.

परंतु सिंधुदुर्गाच्या बळाचें रहस्य केवळ तटांत नव्हतें. त्याचा बाहेरचा तट निसर्गानेंच बांधून ठेविलेला होता. भोंवतालच्या बुडित खडकांमुळें खोल बुडाचें परकी जहाज किल्ल्याच्या जवळ येऊं शकत नसे. आलें तर त्याचा तळ फाटण्याची भीति होती. मराठ्यांचीं उथळ गलबतें मात्र त्या खडकांतून सफाईनें ये-जा करीत. या खडकांतून जाणारी वाट वांकडीतिकडी आहे. ती नकाशावरून कळत नाहीं. पाण्याचा रंग, लाटेची उंची, किनाऱ्यावरच्या दोन खुणांचा मेळ, यांवरून ती ओळखावी लागते. ही विद्या येथल्या दर्यावर्दी लोकांची होती. कुरटें बेट महाराजांना स्थानिक कोळ्यांनींच दाखविलें आणि त्याबद्दल त्यांना इनाम मिळालें, अशी कथा मालवणांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कथेंतला तपशील बाजूस ठेविला तरी तिच्यांतलें मर्म खरें आहे. गवंड्यांनीं तट बांधला, निसर्गानें खडकांचा खंदक दिला, पण त्या खंदकाची किल्ली किनाऱ्यावरच्या माणसांजवळ होती.

ही गोष्ट ध्यानांत ठेवून आतां त्याच खडकांच्या खालीं उतरूं. कारण जे खडक शत्रूच्या जहाजांना काळ ठरत होते, तेच असंख्य जीवांना घर झालेले आहेत. वाळूच्या तळावर चिकटून राहावयास आधार नसतो. खडकावर तो असतो. म्हणून तेथें प्रथम शेवाळ येतें. सारगॅसमसारखीं तपकिरी समुद्रशैवालें वाढून त्यांचें एक लहानसें कुरणच तयार होतें. त्यांच्या आधारानें शंख, शिंपले, कालवें, खेकडे, समुद्रफुलें आणि स्पंज येतात. त्यांना खावयास लहान मासे येतात, आणि लहान माशांच्या मागें मोठे. या सर्वांत नवलाची वस्ती आहे ती पोवळ्यांची.

पोवळें म्हटलें कीं गृहिणींना अंगठींतला तांबडा खडा आठवेल. तें पोवळें खोल समुद्रांतल्या वेगळ्या जातीचें. मालवणच्या खडकांवर वाढतें तें खडक बांधणारें पोवळें. दिसावयास तें दगडाच्या गोळ्यासारखें किंवा ताटासारखें दिसतें, पण तो दगड नव्हे. तें हजारों सूक्ष्म प्राण्यांचें एक गांव आहे. प्रत्येक प्राणी समुद्राच्या पाण्यांतून चुना घेऊन आपल्यापुरती एक कोठडी बांधतो आणि शेजारच्याच्या भिंतीला आपली भिंत जोडतो. या प्राण्यांच्या अंगांत अतिसूक्ष्म वनस्पति राहतात. त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यांतला मोठा वाटा घरमालकाला देतात. घरमालक त्यांना आसरा देतो. भाडेकरूनें मालकाला पोसावें, असा हा जगावेगळा संसार आहे. या वाढीची गति मात्र फार संथ असते. गोलवट जातीचें पोवळें वर्षाकाठीं जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतें. म्हणजे घागरीएवढा गोळा हें पंधरा-वीस वर्षांचें बांधकाम समजावें.

या संसाराला स्वच्छ पाणी आणि भरपूर उजेड लागतो. कोंकणच्या किनाऱ्यावर तर चार महिने नद्यांचें गढूळ पाणी समुद्रांत लोटतें. म्हणून लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचें आखात किंवा कच्छचें आखात यांच्याप्रमाणें येथें पोवळ्यांच्या मोठ्या रांगा वाढूं शकल्या नाहींत. तरीहि गाळ आणि पावसाळा सोसणाऱ्या कांहीं चिवट जातींनीं येथें तग धरला आहे. गोव्यांत १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. त्या संस्थेंतील कासीम व वफर या शास्त्रज्ञांनीं पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणीं जिवंत पोवळीं असल्याची नोंद १९७९ सालीं प्रसिद्ध केली, आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या नित्याच्या पाहण्यांतली ही वस्तु शास्त्राच्या दप्तरांत आली. त्यानंतर आठ वर्षांनीं अभयारण्य जाहीर झालें. सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोंवतालचे बुडित खडक मिळून सुमारें तीन चौरस किलोमीटरांचा गाभा ठरविण्यांत आला, आणि बाकीचें पाणी त्याच्या रक्षणाचा पट्टा म्हणून धरण्यांत आलें.

या पाण्याचें वैभव खडकांपुरतेंच नाहीं. सकाळच्या वेळीं होडी खोल पाण्याकडे निघाली कीं पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन पाण्यावर येऊन श्वास घेतांना दिसतात. कोळंबच्या खाडींत कांदळवनें आहेत. त्यांच्या मुळांच्या जाळ्यांत कोळंबी, खेकडे आणि माशांचीं पिलें मोठीं होतात. जिल्ह्याच्या कांहीं वाळूच्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत कासविणी रात्रीं अंडीं घालावयास येतात. ओहोटीच्या वेळीं गांवांतल्या बायका कोयते व टोपल्या घेऊन खडकांवर कालवें फोडावयास जातात. त्या दिवसाचें कालवण तेथूनच येतें. खडक, खाडी आणि वाळू या तिघांत एक अखंड देवघेव चालू असते. खाडींत वाढलेलें पिलू खडकांत येऊन मोठें होतें आणि खडकांत वाढलेला मासा बाहेरच्या पाण्यांत जाऊन जाळ्यांत येतो. म्हणून खडक राखणें म्हणजे मासळीचें बियाणें राखणें होय.

आतां या पाण्यावर जगणाऱ्या माणसांकडे वळूं. मालवणच्या किनाऱ्यावर प्रामुख्यानें गाबीत समाजाची वस्ती आहे. त्यांची जुनी व मानाची मासेमारी म्हणजे रापण. होडी एक लांबलचक जाळें घेऊन किनाऱ्यापासून निघते, समुद्रांत अर्धवर्तुळ घालते आणि दुसरें टोक पुन्हा किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही दोरांना माणसें लागतात आणि ‘हेऽऽ’ करीत जाळें ओढून घेतात. बांगडा, तारली, पेडवे असे थव्यानें फिरणारे मासे त्यांत सांपडतात. जाळें एकट्याचें नसतें, श्रम एकट्याचे नसतात, म्हणून मासळीहि एकट्याची नसते. तिचे ठरलेले वांटे पडतात. वाटसरूनें दोराला हात लाविला तरी त्याच्या पदरांत चार मासे पडतात, अशी येथली रीति. सहकार हा शब्द पुस्तकांत येण्यापूर्वींच तो या वाळूवर नांदत होता.

या लोकांचे कांहीं निर्बंधहि जुने आहेत. पावसाळ्यांत समुद्र खवळतो, आणि त्याच महिन्यांत पुष्कळ जातींच्या माशांचा विणीचा हंगाम असतो. त्या काळांत होड्या वर ओढून झांपांखालीं ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच जाळें पाण्यांत टाकावयाचें, हा शिरस्ता बापजाद्यांपासून चालत आलेला आहे. आज सरकारी कायद्यानेंहि महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. धर्माच्या नांवानें पाळलेला नियम आणि शास्त्राच्या आधारानें केलेला नियम येथें एकच गोष्ट सांगतात.

असें असतांना १९८७ च्या घोषणेनें या किनाऱ्यावर आनंद होण्याऐवजीं भीति कां पसरली, हें समजून घेतलें पाहिजे. वन्य जीवांच्या रक्षणाचा १९७२ चा कायदा मुख्यतः जंगलें डोळ्यांपुढें ठेवून केलेला होता. जंगलांतल्या अभयारण्यांत प्राणी मारणें हा गुन्हा. मग समुद्रांतल्या अभयारण्यांत मासा मारणें काय ठरणार? सीमा पाण्यावर आंखलेली. ती दिसणार कशी? वारा फिरला आणि होडी वाहून पलीकडे गेली तर दंड कोणाला? ज्या खडकांवर आजी कालवें फोडीत होती त्या खडकांवर नातीनें पाऊल ठेवावें कीं ठेवूं नये? या प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें घेऊन कोणी त्यांच्या दारीं गेलें नाहीं, आणि त्यामुळें मच्छिमारांनीं अभयारण्याला प्रथमपासूनच विरोध केला. पुढें १९९१ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. किनाऱ्यालगतचा समुद्र अभयारण्यांत घ्यावयाचा असेल तर तेथल्या मच्छिमारांच्या व्यवसायाचें हित राखण्याची तजवीज आधीं केली पाहिजे, असें कलम त्यांत आलें. कलम चांगलें होतें, परंतु मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षें आधींच झालेली होती. मनांत एकदां अढी बसली कीं ती काढावयास कलम पुरत नाहीं.

दोन्ही पक्षांचें म्हणणें न्यायबुद्धीनें ऐकिलें पाहिजे. निसर्गाचे अभ्यासक म्हणतात कीं, खडकांचा गाभा निदान शांत राहिला नाहीं तर उद्यां मच्छिमाराच्याच जाळ्यांत कांहीं येणार नाहीं. हें खरें आहे. मच्छिमार म्हणतात कीं, रापणीनें आणि गळानें समुद्र ओस पडत नाहीं. तो ओस पडतो तो यंत्राच्या जोरावर तळ खरवडणाऱ्या आणि थवेच्या थवे एका वेढ्यांत उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांनीं. हेंहि तितकेंच खरें आहे. पारंपरिक मच्छिमारांनीं या मोठ्या जाळ्यांविरुद्ध दीर्घ काळ झगडा दिला. किनाऱ्याजवळचें पाणी लहान होड्यांसाठीं राखावें म्हणून महाराष्ट्रानें १९८१ सालीं सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला. त्यापुढें ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं सरकारनें आज्ञा काढून पर्ससीन नांवाच्या मोठ्या वेढाजाळ्याची मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित केली. ही आज्ञा मच्छिमारांच्या मागणीला बळ देणारी होती आणि माशांच्याहि हिताची होती. म्हणजे ज्यांना परस्परांचे विरोधी समजण्यांत आलें, ते पुष्कळ बाबतींत एकाच बाजूचे होते.

दरम्यान समुद्रावर नवीं संकटें आलीं आहेत. त्यांतलें एक दूरचें आहे. पृथ्वीचें तापमान वाढत आहे आणि त्याबरोबर समुद्राचेंहि. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं पोवळ्याच्या अंगांतल्या त्या सूक्ष्म वनस्पति बाहेर पडतात. रंग त्यांच्यामुळें असतो. तो जातो आणि पोवळें पांढरें पडतें. अन्न पुरविणारा भाडेकरू निघून गेल्यावर मालक उपाशी राहतो. पाणी लवकर निवलें तर संसार पुन्हा बसतो. न निवलें तर चुन्याचा सांगाडा मागें उरतो. २०१४ ते २०१६ या काळांत जगभरच्या समुद्रांत ही आपत्ति आली, आणि मालवणच्या पाण्यांतहि अशीं पांढरीं पडलेलीं पोवळीं शास्त्रज्ञांना आढळलीं. हें संकट एकट्या मालवणनें दूर होण्यासारखें नाहीं.

दुसरें संकट मात्र घराजवळचें आहे. गेल्या कांहीं वर्षांत पाण्याखालचें दृश्य पाहण्याची हौस वाढली आहे. डोळ्यांवर कांच आणि तोंडांत नळी लावून, किंवा पाठीवर हवेची टाकी घेऊन, सुटीच्या दिवसांत हजारों लोक या खडकांवर उतरतात. हौस वाईट नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें तें जपावेंसें वाटतें. परंतु त्या होडीचा नांगर पोवळ्यावर पडला तर वीस वर्षांचें बांधकाम एका क्षणांत मोडतें. पोहतां न येणारा माणूस घाबरून पाय टेकतो तो नेमका जिवंत खडकावर. मासे गोळा व्हावे म्हणून पाण्यांत खाद्य टाकलें जातें, आणि जे मासे शेवाळ खाऊन खडक स्वच्छ ठेवावयाचे ते आयत्या अन्नाला सोकावतात. कोणी आठवण म्हणून एखादा तुकडा पिशवींत घालतो. अशीं खडक बांधणारीं पोवळीं २००१ सालापासून कायद्यानें वाघाच्याच बरोबरीनें संरक्षित आहेत, हें त्याला ठाऊकहि नसतें.

मग उपाय काय? येथें तीनशें वर्षांपूर्वींचा एक मराठी राजनीतीचा ग्रंथ वाट दाखवितो. रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचें. त्यांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विषय आलेला आहे. गलबतें बांधावयास लांकूड हवें, आणि आरमार म्हणजे राज्याचें एक अंग; तेव्हां राजानें हवें तें झाड तोडलें तर त्याला कोण अडविणार? परंतु अमात्य बजावतात कीं, आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावूं नये. तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्याची समजूत घालून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषानें तें घ्यावें. बळजबरी करूं नये. राज्याचें काम कितीहि मोठें असलें तरी रयतेची संमति त्याहून लहान नव्हे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. ज्यांनीं सिंधुदुर्गाच्या आरमाराचा वारसा चालविला त्यांच्या दरबारांतली ही नीति आहे. सागरी अभयारण्याला ती जशीच्या तशी लागू पडते. रक्षणाचें कार्य मोठें आहे. पण तें किनाऱ्यावरच्या माणसाच्या संतोषानें झालें पाहिजे.

सुदैवानें याचीं चिन्हें दिसूं लागलीं आहेत. मच्छिमारांच्याच घरांतल्या कित्येक तरुणांनीं पाण्याखालीं उतरण्याचें रीतसर शिक्षण घेतलें असून पर्यटकांना खडक दाखविण्याचें काम ते करतात. ज्याच्या बापाला खडकाची जागा लाटेवरून कळत होती, त्या मुलाला आतां त्या खडकावरचें पोवळें नांवानिशीं कळतें. ज्याचें पोट त्या पोवळ्याच्या जिवंत राहण्यावर अवलंबून आहे, त्याच्याहून चांगला राखणदार कोणत्या खात्याला मिळणार? त्याला बळ देणें हें सरकारचें काम आहे. नांगर टाकण्याऐवजीं होड्या बांधण्यास तरंगते बोये असावे. एका वेळीं किती माणसें खडकावर उतरावीं याची मर्यादा असावी. आणि सीमा कोठें आंखावी, कोणत्या महिन्यांत कोणता खडक विश्रांतीला सोडावा, हें ठरवितांना नकाशाच्या शेजारीं रापणीचा म्हातारा तांडेल बसलेला असावा. जंगलांत वनरक्षकाच्या पायाखालीं वाट असते. समुद्रांत ती फक्त तांडेलाच्या डोक्यांत असते.

शहरांत राहणाऱ्या कुटुंबांनाहि या कामीं कांहीं करतां येण्यासारखें आहे. मालवणला गेल्यावर पाण्यांत उतरावें, पण खडकावर पाय ठेवूं नये. उभें राहण्याची गरज वाटली तर सोबतच्या माणसाचा हात धरावा. माशांना खाऊ घालण्याचा हट्ट धरूं नये. पोवळ्याचा तुकडा विकत घेऊं नये आणि उचलूंहि नये. प्लास्टिकची पिशवी होडींतून परत आणावी, कारण कासवाला ती आणि त्याचें भक्ष्य असलेला जेलीसारखा प्राणी यांतला फरक कळत नाहीं. बाजारांत बोटभर लांबीचें सुरमईचें पिलू स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. गिऱ्हाईक नसेल तर तें कोणी धरणार नाहीं. आणि मुलांना सिंधुदुर्ग दाखवितांना तटावर उभें करून एकदां खालच्या पाण्याकडेहि बोट करावें. गवंड्यांनीं बांधलेला तट त्यांना दिसेलच. प्राण्यांनीं बांधलेला तट आपण दाखविल्याशिवाय दिसणार नाहीं.

सिंधुदुर्गाच्या दगडी तटाला साडेतीनशें वर्षें झालीं. लाटांनीं त्याचे कांहीं भाग ढासळले आहेत आणि त्यांची डागडुजी करतां येते. शिसें आहे, चुना आहे, गवंडी आहेत. पाण्याखालचा तट मोडला तर त्याची डागडुजी करणारा गवंडी माणसांत नाहीं. तें काम ते सूक्ष्म जीवच करूं जाणतात, आणि त्यांना त्यासाठीं आपल्याकडून फक्त स्वच्छ पाणी, थोडी शांतता आणि पुष्कळ वर्षें हवीं असतात. तीं देणें ज्यांच्या हातीं आहे त्यांत सरकार आहे, पाहुणा आहे, आणि सर्वांत आधीं त्या पाण्यावर रोज पहाटे होडी लोटणारा मच्छिमार आहे. त्याला बाहेर ठेवून हें अभयारण्य कागदावर राहील. त्याला बरोबर घेतलें तर तें समुद्रांत राहील.